मघेचा ताप वीस दिवस

ताप आला की वऱ्हाडी माणूस आधी दिवस मोजायला बसतो. थर्मामीटर नंतर. अकोल्यातला असो की अमरावतीतला, डॉक्टरसमोरच्या स्टुलावर बसला की तो स्वतः फारसं बोलत नाही. बोलते ती बरोबर आलेली बायको, नाहीतर माय. डॉक्टर नळी लावतात, जीभ पाहतात, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, पॅडवर काहीतरी खरडतात. गोळ्या सकाळी किती, संध्याकाळी किती, हे सगळं ऐकून झाल्यावर खरा प्रश्न येतो. ‘साहेब, पण कई उतरीन?’

डॉक्टर सावध असतात. ‘पाहू तीन दिवस,’ म्हणतात. त्यांच्या लेखी हे वाक्य म्हणजे हवामान खात्याचा अंदाज. ऐकणाऱ्याच्या लेखी ती तारीख असते, आणि तारीख चुकली तर जाब विचारायचा असतो. चौथ्या दिवशी सकाळी कंपाउंडर शटर वर करतो तेव्हा ही मंडळी पायरीवर हजर. ‘तीन रोज झाले ना साहेब. अजून कणकण हायेच.’ आवाजात तक्रार नसते, हिशेब असतो. मुदत ठेवीची मुदत भरल्यावर माणूस बँकेत जातो, तसे ते आलेले असतात.

या स्वभावाची मला पूर्वी मौज वाटायची. मग ‘मुहूर्तचिंतामणी’ चाळताना एक प्रकरण हाती लागलं आणि मौजेची जागा आपुलकीने घेतली. लग्नाची तारीख काढताना गुरुजी ज्याच्या आधाराने मान हलवतात ना, तोच हा ग्रंथ. रामदैवज्ञाने तो शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० मध्ये, काशीत बसून लिहिला. पण घराणं आपलं. मूळ विदर्भातल्या धर्मपूरचं. रामाचा थोरला भाऊ नीलकंठ अकबराच्या दरबारातला मोठा ज्योतिषी. वर्षफळ काढणारे आजही त्याच्याच ‘ताजिक नीलकंठी’वर चालतात. विदर्भातली हुशार पोरं नोकरीसाठी बाहेर जातात, हे काही आयटी कंपन्या आल्यापासून सुरू झालेलं नाही.

तर या मुहूर्तचिंतामणीच्या नक्षत्रप्रकरणात घर बांधणं, बी पेरणं, गुरं विकत घेणं, नवं कापड नेसणं या सगळ्यांच्या गर्दीत दोन-तीन श्लोक तापाचे आहेत. ताप कोणत्या नक्षत्रावर आला ते सांगा, किती दिवसांनी उतरेल ते घ्या. रोहिणी, पुनर्वसू, पुष्य, उत्तरा फाल्गुनी, उत्तरा भाद्रपदा : सात दिवस. अश्विनी, कृत्तिका, मूळ : नऊ. भरणी, चित्रा, श्रवण, शततारका : अकरा. हस्त, विशाखा, धनिष्ठा : पंधरवडा. मघा : वीस. मृग आणि उत्तराषाढा : पुरा महिना. अनुराधा आणि रेवती यांचा आकडा दिलेला नाही. तिथे आजार मुक्कामाला येतो एवढंच म्हटलंय. आणि उरलेली सात, म्हणजे आर्द्रा, आश्लेषा, तिन्ही पूर्वा, स्वाती आणि ज्येष्ठा, यांच्यापुढे सरळ मरण लिहिलंय. पूर्ण सत्तावीस. एकही नक्षत्र सुटलेलं नाही. रामदैवज्ञाने ‘पाहू तीन दिवस’ म्हटलेलं नाही.

हा तक्ता मी बराच वेळ पाहत बसलो. सत्तावीस नक्षत्रं आणि त्यांत सात मरणाची. म्हणजे चारात एक धरा. वैद्य नसलेल्या खेड्यात, १६०० साली, पावसाळ्याच्या दिवसांत हे प्रमाण कोणाला फार अतिशयोक्त वाटलं नसावं. बाकीचे आकडेही अगदी हवेतले नाहीत. साधा ताप आठवड्यात उतरतोच; त्याला रोहिणी लागत नाही. आणि आपल्या म्हाताऱ्या टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायच्या, त्याची मुदत एकवीस दिवस धरायच्या. मघेचे वीस त्याच्या शेजारी ठेवून पाहा. एक दिवसाची सूट.

गंमत म्हणजे वैद्याला दिवस मोजायला आकाशाची गरज नव्हती. सन्निपातज्वरात सातवा, दहावा आणि बारावा दिवस निर्वाणीचा, हे आयुर्वेदाने दोषांवरून बसवलेलं गणित. वाताचे सात, पित्ताचे दहा, कफाचे बारा. त्या दिवशी ताप एकतर सुटतो, नाहीतर माणूस. ग्रीकांकडेही तसंच. सातवा, चौदावा आणि विसावा हे आजाराच्या निकालाचे दिवस, असं हिपोक्रॅटिसच्या परंपरेत होतं. दुसऱ्या शतकातल्या गेलेनने त्या दिवसांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि ते चंद्राच्या चालीला बांधले. तिसरा आठवडा एकविसाव्याला संपायचा सोडून विसाव्यालाच का संपतो, यावर त्याने पुष्कळ डोकं चालवलंय. मघेचे वीस आणि गेलेनचे वीस हा योगायोग असेलही. पण दोघांसमोर पायरीवर बसलेली माय एकच असणार, याबद्दल मला शंका नाही.

तिकडच्या डॉक्टरांनी या गणिताचं चित्र काढलं. मध्ययुगीन युरोपातल्या वैद्यकाच्या पोथ्यांत एक उघडा माणूस हमखास सापडतो, दोन्ही हात थोडे बाजूला धरून उभा, आणि त्याच्या अंगावर बारा राशी बसलेल्या. यातलं सगळ्यात देखणं चित्र फ्रान्समध्ये शांतीयी इथे आहे. बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग भावंडांनी १४११ ते १४१६ या काळात जी प्रार्थनापोथी रंगवायला घेतली, तिच्यातलं. एक देह समोरून दिसतो, दुसरा त्याला पाठ लावून उभा. भोवती लंबगोल निळं आकाश, त्याच्या काठावर राशींचा पट्टा. समोरच्याच्या डोक्यावर मेंढा आरामात बसलाय. खांद्यामागून मिथुनाची जुळी डोकावतात. छातीवर खेकडा. नको तिथे विंचू. पायाखाली दोन मासे, आणि तो त्या माशांवर तोल सांभाळून उभा. चेहरा मात्र निर्विकार. एवढी जनावरं अंगावर घेऊन इतका शांत माणूस मी फक्त पोळ्याच्या आदल्या रात्री गोठ्यात झोपलेला पाहिलाय.

हे चित्र शोभेचं होतं, कारण ड्यूक श्रीमंत होता. इतरांसाठी ते कामाचं होतं. नियम असा : चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवाला त्या दिवशी शस्त्र लावू नये, तिथलं रक्त काढू नये. चंद्र मिथुनेत असेल तर दंडाची शीर सोडायची नाही. मेषेत असेल तर डोकं सोडून बोला. म्हणून इंग्लंडातले वैद्य घडीचं पंचांग कमरेच्या पट्ट्याला लटकवून हिंडायचे. चर्मपत्राच्या घड्या, उलगडल्या की चंद्राचे तक्ते, ग्रहणं, हा राशीवाला माणूस, शिरा कुठे सोडायच्या तो दुसरा माणूस, आणि लघवीच्या रंगांचा तक्ता. यॉर्कच्या न्हावी-शल्यवैद्यांच्या मंडळाची १४८६च्या सुमाराची पोथी आहे, तिच्यात राशीचा माणूसही आहे आणि फिरवायची चकतीही. चकती फिरवा, चंद्र शोधा, वस्तरा ठेवा नाहीतर उचला. पेशंटने ‘आज का नाही?’ विचारलं तर चकती दाखवता येते, हा तिचा दुसरा उपयोग, आणि माझ्या मते पहिला.

आपल्याकडे हाच माणूस आहे, पण रंगवलेला क्वचित. वराहमिहिराने बृहज्जातकात त्याला कालपुरुष म्हणून एका श्लोकात बसवलाय. मेष डोकं, वृषभ चेहरा, मिथुन छाती, कर्क हृदय, सिंह पोट, कन्या कंबर, तुळा ओटीपोट. वृश्चिकेपासून खाली मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं. इथे दोन्हीकडचं जमतं, अगदी मासे पावलांशी यावेत इथपर्यंत. मूळ ओळख ग्रीकांची, आणि वराहमिहिराने ती कधी लपवली नाही. यवन म्लेंच्छ असले तरी या शास्त्रात ऋषींसारखे पूज्य, असं त्याने मोकळेपणी म्हटलंय. भांडण आहे ते फक्त वरच्या मजल्यावर. युरोपात सिंहाच्या ताब्यात हृदय दिलंय, आपल्याकडे पोट. वऱ्हाडापुरतं मी वराहमिहिराच्या बाजूने आहे. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा वरण-रोडगे घेणाऱ्या माणसाचा सिंह कुठे राहतो, हे सांगायला यवन लागत नाही. वृषभाचं मात्र युरोपाचं बरोबर वाटतं. तिकडे वृषभ मानेवर, आपल्याकडे चेहऱ्यावर. बैलाचा संबंध मानेशी असतो, हे ज्याने जू ठेवलंय त्याला विचारा.

चित्रं नाहीत याचं कारण मला असं दिसतं की आपल्या वैद्याला ती लागत नव्हती. ज्याला श्लोक पाठ आहे त्याला कमरेला घडी लटकवायची काय गरज? अगदीच चित्रं नव्हती असंही नाही. विजापूरला पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५७०मध्ये, ‘नुजूम-उल-उलूम’ नावाची अफाट सचित्र पोथी तयार झाली. ग्रह, राशींचे अंश, यंत्रं, हत्ती, घोडे, सगळं रंगवलेलं. ती आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्या साली वऱ्हाडात इमादशाही शेवटचे दिवस मोजत होती. १५७४मध्ये अहमदनगरने ती गिळली, पुढे १५९६मध्ये मोगल आले. एलिचपुरात त्या काळी कुणी चित्रकार असलाच तर त्याला पगार वेळेवर मिळत असेल असं वाटत नाही.

आपल्या घरांत जे उरलं ते जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या. आमच्याकडे पणजोबांची आहे. लाकडी पेटीत, तळाशी, शेतीच्या सातबाऱ्यांच्या खाली. दोन माणसं लागतात उलगडायला. एकाने वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने मागे सरकत जायचं, आणि ओसरी संपते तरी पत्रिका संपत नाही. वर शेंदरी गणपती, सोंड जरा जास्तच लांब, कारण लिहिणाऱ्याला जागा भरायची होती. दोन्ही कडांना हिंगुळाच्या लाल रेघा, आतली अक्षरं काळीभोर, कागदाला वाळवीची चार भोकं, तीही गुंडाळी असल्यामुळे ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा येणारी. कुंडलीच्या चौकोनात मंगळ लाल शाईने, शनी काळ्या शाईने. मग दशा, अंतर्दशा, घटका, पळं. आणि शेवटाकडे आयुष्याचा हिशेब. त्यात लिहिणाऱ्याने हात राखून न ठेवता आकडा टाकला होता : बहात्तर.

पणजोबांनी बहात्तराव्या वर्षी जमिनीच्या वाटण्या केल्या, देणीघेणी मिटवली, बाह्या आखूड करून कोट नातवाला दिला, आणि वाट पाहत बसले. काही झालं नाही. पुढची चौदा वर्षं ते जगले. आजी सांगायची, त्या चौदा वर्षांत ते कोणाच्याच ऐकण्यात राहिले नाहीत. वैद्याने काढा दिला तर म्हणायचे, ‘कायले? आपली पत्रिका सरली. आता आपन पंचांगाच्या बाहेर हाव.’ मिरचीचा ठेचा खायचे, उन्हात शेतावर जायचे, श्रावणात वांगी मागायचे. ज्योतिषाला दोष त्यांनी कधी दिला नाही. त्याने हिशेब कमी केला म्हणून आपल्याला वरची वर्षं फुकट मिळाली, अशी त्यांची समजूत होती.

जुन्या काळी वैद्य आणि ज्योतिषी ही दोन माणसं नेहमी वेगळी नसायची, असली तरी एकाच दालनात बसायची. तेराव्या शतकातला बोपदेव घ्या. वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या काठचा. बाप केशव हा वैद्य. त्याने ‘सिद्धमंत्र’ लिहिला, पोराने त्यावर टीका लिहिली. शिवाय चूर्णं, गोळ्या, अवलेह, तुपं, तेलं आणि काढे यांची ‘शतश्लोकी’ पोराची. त्याच पोराचं ‘मुग्धबोध’ व्याकरण बंगालपर्यंत शिकवलं गेलं. त्याचा आश्रयदाता देवगिरीच्या यादवांचा हेमाद्री, आपला हेमाडपंत. देवळांसाठी आपण त्याला ओळखतो, पण त्याच हाताने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली, आणि त्याच हाताने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतं, दानं, श्राद्धं आणि त्यांचे काळवेळ मांडले. म्हणजे ताप आला तर काढा हेमाद्रीच्या पुस्तकात, ग्रह वाकडे असतील तर दान हेमाद्रीच्या पुस्तकात, आणि दोन्ही चुकलं तर श्राद्धाची तिथीही हेमाद्रीच्याच पुस्तकात. एकाच खिडकीवर सगळी कामं ही सोय सरकारने आत्ता आत्ता काढली.

आणि एक घराणं राहूनच जाईल. पयोष्णीकाठी, म्हणजे पूर्णेकाठी, एलिचपूरच्या बाजूला दधिग्राम नावाचं गाव होतं. तिथल्या एका घरात पिढ्यान् पिढ्या ज्योतिषी निपजले. चिंतामणी, राम, त्रिमल्ल, बल्लाळ. बल्लाळ काशीला गेला. त्याच्या एका मुलाने, कृष्णदैवज्ञाने, भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि जहांगीरच्या दरबारात मान मिळवला. दुसऱ्याने, रंगनाथाने, १६०३मध्ये सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाशक’ पूर्ण केलं. कृष्णाने जातकपद्धतीवर टीका करताना उदाहरण म्हणून कोणाची कुंडली सोडवली? अब्दुल रहीम खानखानानाची. हाच खानखानान पुढे दख्खनच्या मोहिमांवर वऱ्हाडात तळ ठोकून होता. पूर्णेकाठचा माणूस काशीत बसून त्याची साडेसाती पाहतोय, आणि तो पूर्णेकाठी बसून आणखी कोणाची तरी साडेसाती होतोय. जहांगीरने तर १६१८पासून राशींची चित्रं असलेली नाणी पाडली. दधिग्राम म्हणजे आजचं दहिगाव म्हणावं, तर अंजनगाव सुर्जीकडे एक दहिगाव आहे, तेल्हाऱ्याकडे दुसरं. दोन्ही गावांना एकाच वेळी ही बातमी कळवू नये, एवढंच माझं म्हणणं.

माणूस एकटा आजारी पडला तर त्याचं नक्षत्र पाहता येतं. गावच्या गाव आजारी पडलं की आकाशाचा ताण वाढतो. १३४८मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेला कारण विचारलं. त्यांनी विचारपूर्वक उत्तर दिलं : २० मार्च १३४५ रोजी शनी, गुरू आणि मंगळ कुंभेत एकत्र आले, त्यामुळे हवा दूषित झाली. तारीख पक्की, कारण चुकलेलं. चरकसंहितेच्या विमानस्थानातही असा प्रसंग आहे. कांपिल्याला, गंगेकाठी, पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाबरोबर फिरत असतात आणि म्हणतात, नक्षत्रं, ग्रह, चंद्र, सूर्य, वारा, कशाचंच लक्षण ठीक दिसत नाही. जमिनीचा कस जाण्याआधी औषधं गोळा करून ठेव. मला हा सल्ला फार आवडतो. ग्रहांकडे पाहिलं आणि लगेच कोठाराकडे वळले. पुढे साथीचं मूळ शोधताना ते हवा, पाणी, जमीन आणि ऋतू यांच्याही मागे जातात आणि राज्य करणाऱ्यांच्या अधर्माशी येऊन थांबतात. पॅरिसच्या प्राध्यापकांना उत्तर राजालाच द्यायचं होतं, हे लक्षात घेतलं तर त्यांनी शनीवर ढकललं याचं नवल नाही.

आपण अष्टग्रही पाहिलेली माणसं आहोत. म्हणजे मी नाही, माझ्या आधीची. फेब्रुवारी १९६२मध्ये आठ ग्रह मकरेत गोळा झाले आणि देशभर यज्ञांचा धूर झाला. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी त्या तीन दिवसांसाठी म्हणून दोन मण ज्वारी दळून ठेवली. जग बुडालं नाही, पीठ मात्र उरलं. त्यांची मुलं आजही त्या वर्षीच्या शिळ्या भाकरींबद्दल चिडून बोलतात. तिकडे जळगाव जामोदजवळ भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य जागचं हललं ते पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. त्यात भादली नावाचं बारीक धान्य असतं, ते रोगराईचं. भादली हलली की यंदा साथी. सगळे पत्रकार कापूस-सोयाबीनचं विचारतात. भादलीबद्दल घाईत एक ओळ छापून येते. वऱ्हाडात रोगराई ही बातमीच नाही, भाव ही बातमी.

पण २०२० आलं तेव्हा भादलीची आठवण सगळ्यांना झाली. मार्चमध्ये सरकारने बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली. न पुसणारी शाई, आणि त्यात तारीख : इथपर्यंत घरात थांबा. मी तो शिक्का पहिल्यांदा शेजारच्या मुलाच्या हातावर पाहिला, पुण्याहून आलेल्या. मनगटाच्या वरच्या बाजूला, जांभळट, एका कडेला फिसकटलेला. ड्यूकच्या पोथीतला माणूस आठवला. तिथेही अंगावर पंचांगच होतं, फक्त रंग बरे होते. चौदा दिवस. विशाखा, हस्त, धनिष्ठा. मुलाची आई गच्चीवरून रोज ओरडून सांगायची, ‘आज नववा!’, आणि समोरच्या गच्चीवरून कुणीतरी उत्तर द्यायचं, ‘पाच उरले!’ पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लाट पुन्हा आली ती राज्यात सगळ्यात आधी आमच्याकडे. अमरावती, अचलपूर, अकोला पुन्हा बंद. दूरचित्रवाणीवर पहिल्यांदाच सगळ्या देशाने अमरावतीचं नाव नीट उच्चारलं. तेव्हा तज्ज्ञ रोज संध्याकाळी येऊन शिखर कोणत्या आठवड्यात येणार ते सांगायचे. त्यांच्याकडे आलेख होते. आम्ही आलेख पाहायचो नाही, तारीख ऐकायचो.

रामदैवज्ञाला आज अगदी परका वाटेल असा दवाखाना आपल्याकडे नाही. पुष्य नक्षत्राला अकोल्यात, अमरावतीत लहान पोरांना सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायची शिबिरं लागतात. दर सत्तावीस दिवसांनी तारखांचा कागद मोबाईलवर येतो. पुष्याला औषध तयार करायची रीत जुनी, चरकातलं पुष्यानुग चूर्ण त्याच नावाचं. तिथे रांगेत उभ्या आयांमध्ये बीएस्सी झालेल्या असतात, इंजिनिअर असतात. सिझेरियनची वेळ गुरुजींकडून आणतात, आणि भूलतज्ज्ञ ती कागदावरून वाचून मान डोलावतात, कारण त्यांना दुपारी परतवाड्याला दुसरी केस असते. मुहूर्तचिंतामणीत बरं झाल्यावरच्या पहिल्या आंघोळीचाही मुहूर्त आहे. गंमत अशी की चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी, ज्यांच्यावर कुणी शुभकार्य करत नाही, त्याच तिथे चालतात. आजारपणाचं उरलंसुरलं रिकाम्या दिवशी धुऊन टाकावं, असा विचार असावा. सोमवार आणि शुक्रवार मात्र वर्ज्य.

अलीकडे मुहूर्त काढणारं एक नवं खातं निघालंय. आमच्या एका वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू. सासूबाई म्हणाल्या, ‘अमावास्या टाळा बाप्पा.’ सगळ्यांनी टाळायचं ठरवलं. दशमीला कागदपत्रं विमा कंपनीकडे गेली. एकादशीला कंपनीने सोनोग्राफीचा रंगीत कागद मागितला. द्वादशीला आधार कार्डावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला. त्रयोदशीला कुणी फोन उचलला नाही. कॅशलेसची मंजुरी आली ती अमावास्येला, रात्री साडेनऊला, आणि ती अठ्ठेचाळीस तासच चालणार होती. दवाखान्याने पहाटे सहाचा नंबर दिला. घरात शांतता. मग सासूबाईंनी चष्मा लावून भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि बोट ठेवत ठेवत त्या चौकोनापर्यंत गेल्या. अमावास्या समाप्ती पहाटे ४ वाजून काही मिनिटं.

‘बसते!’ त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नर्सचा फोन आला, रात्री बारानंतर पेशंटने काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

‘मंग त काय,’ सासूबाई म्हणाल्या, ‘उपासही होऊन जाईन.’